न्यायमूर्ती रानडे आणि गरिबाचे कर्ज

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानाची कथा आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मिशनच्या आवारात चहा घेतल्यावरून ज्या पुढाऱ्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे एक होते. पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतले. या प्रसंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र गरीब कष्टकऱ्याला माफक व्याजाने भांडवल कसे मिळावे, या प्रश्नासाठी रानडे यांनी किती वर्षे खर्ची घातली, हे क्वचितच सांगितले जाते. आज गावोगावी बचत गट व छोट्या कर्जाच्या योजना दिसतात. त्या पार्श्वभूमीवर त्यांच्या जीवनाची ही बाजू जाणून घेणे उचित ठरेल.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. कोल्हापूर व मुंबई येथे शिक्षण झाल्यावर १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. शेतकरी कर्जात कसा बुडतो, हे त्या काळी न्यायालयाइतके स्पष्ट अन्यत्र कोठे दिसत नसावे. मुदतीच्या कायद्यामुळे कर्जाचे खत दर तीन वर्षांनी नवे करून द्यावे लागे. प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि निरक्षर कुळ त्यावर अंगठा उठवी. बैलासाठी घेतलेली लहानशी रक्कम अशा रीतीने काही वर्षांत जमिनीच्या किमतीएवढी होई. दावा लागला की कुळ बहुधा हजर नसे. एकतर्फी हुकूमनामा होई, मग जप्ती.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले. त्यातच सरकारने साऱ्याची नवी आकारणी वाढवली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. या दंग्यांत माणसांवर फारसे हात उगारले गेले नाहीत. जाळली गेली ती खते, रोखे व वह्या.

सारा दोष सावकाराच्या माथी मारून मोकळे होणे रानडे यांना मान्य नव्हते. ते ज्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक होते, तिने दंग्यांच्या पूर्वीच रयतेच्या स्थितीची पाहणी केली होती आणि जबर साऱ्याकडे बोट दाखवले होते. सरकारला हे रुचले नाही. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला व पुढे धुळ्याला झाली.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने केवळ खत न पाहता व्यवहाराचा मूळ हिशोब तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा त्यात तरतुदी होत्या. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम रानडे यांच्याकडे आले. १८८७ पासून ते विशेष न्यायाधीश होते. त्यासाठी त्यांना गावोगाव दौरे करावे लागत. पत्नी रमाबाई यांच्या आठवणींतून या भ्रमंतीचे चित्र उभे राहते.

कायद्याने जुन्या कर्जाचा फास सैल केला. पण पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी पैसा कोण देणार? न्यायालय ते देऊ शकत नव्हते आणि सावकाराचा हात आता आखडला होता. ही अडचण ओळखून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न यांनी १८८२ च्या सुमारास रानडे यांच्या साहाय्याने शेतकी पेढीची योजना आखली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला. सरकारने प्रथम तेथील शेतकऱ्यांची जुनी कर्जे तडजोडीने फेडावीत आणि मग पेढीने त्यांना बेताच्या व्याजाने कर्ज द्यावे, अशी कल्पना होती. पुण्यातील काही भांडवलदार व सावकारही पैसा गुंतवण्यास राजी होते. हिंदुस्थान सरकारने शिफारस केली; लंडनने ती फेटाळली. एका तालुक्याचा प्रयोगसुद्धा होऊ शकला नाही! सरकारी तगाईचे कायदे मात्र १८८३ व १८८४ मध्ये झाले.

रानडे यांनी विषय सोडला नाही. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे शेतजमिनीवरील पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेविषयी निबंध मांडून त्यांनी युरोपातील पेढ्यांच्या पद्धती समजावून सांगितल्या. त्यांची सर्वच मते आज आपल्याला पटणार नाहीत. काही जमीन कर्तबगार व सधन मालकांकडे जाणे शेतीच्या हिताचे आहे, असेही त्यांना वाटे. ज्याची जमीन जाते त्याच्या वाट्याचा विचार त्यात अपुरा पडतो, असे आम्हास वाटते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. जर्मनीत फ्रीडरिश राईफायझेन यांनी खेड्यातील शेजाऱ्यांना परस्परांचे जामीन ठेवून लहान कर्जे देण्याची जी पद्धत रुजवली होती, तिचा आधार या कायद्याला होता. वसईत आपल्या समाजाची कॅथॉलिक पतपेढी मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झाली, ती याच लाटेत.

मुळशीच्या मावळात मात्र फार उशीर झाला होता. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तेथील पुष्कळ जमिनी कर्जापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सेनापती बापट मावळ्यांबरोबर उभे राहिले. सावकारांनी नुकसानभरपाईच्या रकमेकडे लक्ष दिले. १९२४ मध्ये सत्याग्रह संपला आणि जमीन पाण्याखाली गेली.