मॅटच्या कडेला कोण उभं होतं?

ऑलिम्पिकच्या निकालात खेळाडूचं नाव असतं, देश असतो, वजनगट असतो. कोचचं नाव नसतं. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट म्हणजे ५७ किलो गट, तिसरा क्रमांक, के. डी. जाधव, भारत. बस, एवढीच ओळ. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुणाचं? झटक्यात उत्तर येतं, खाशाबा जाधव. एक मार्क मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण हे पदक काही एका दिवसात आलं नाही. त्याच्यामागे कितीतरी वर्षांचं बोलणं आहे. वडिलांशी झालेलं, गुरुजींशी झालेलं, प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन केलेलं, परदेशी कोचकडून समजून घेतलेलं. आणि एक वेळ अशीही आली, की बोलायची खरी गरज होती तेव्हा आपल्या बाजूने बोलायला तिथे कुणीच नव्हतं. खाशाबांचं आयुष्य या बाजूने बघितलं, की आपल्या शाळेच्या ग्राउंडवर शिट्टी घेऊन उभे असलेले सर एकदम वेगळे दिसायला लागतात.

घरातच वस्ताद

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडला अगदी लागून. पाच भावांत हा शेंडेफळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पहिला कोच घरातच होता. वयाच्या पाचव्या वर्षी पोरगं मातीत उतरलं.

तालमीतलं शिकणं कसं असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. तिथे फळा नसतो, वही नसते. पहाटे उठायचं, माती खणायची, जोर-बैठका मारायच्या आणि मग लढत घ्यायची. वस्ताद कडेला बसून बघत असतो. तो फार बोलत नाही. पाय चुकीचा पडला की एक शब्द, पकड सुटली की दुसरा. पण तो एक शब्द नेमक्या वेळी येतो, म्हणून डोक्यात राहतो.

१९४० ते १९४७ खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये होता. शाळेची वर्षं आणि चलेजाव चळवळीची वर्षं एकच. या पोराने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा द्यायला, निरोप पोहोचवायला मदत केली. अभ्यास, चळवळ आणि कुस्ती, तिन्ही चालू. विद्यार्थिदशेत त्याला घडवणाऱ्यांमध्ये बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी ही दोन नावं आवर्जून घेतली जातात. आज ती किती जणांना माहीत आहेत? पण खाशाबाची ढाक प्रसिद्ध झाली, म्हणजे समोरच्याची मान काखेत धरून त्याला फेकायचा डाव, ती अशाच माणसांच्या नजरेखाली हजार वेळा घोटून.

उंची बघून नाही म्हटलं, तेव्हा

मॅट्रिकनंतर खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजमध्ये आला. अंगाने लहान, उंचीने कमी. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेला, तर खेळाच्या शिक्षकांनी त्याच्याकडे बघूनच नकार दिला. बऱ्याच पोरांची गोष्ट इथेच संपते. आपण रूमवर जातो, मित्रांकडे कुरकुर करतो, विषय सोडून देतो.

खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. मग आखाड्यात त्याने आपल्यापेक्षा दांडग्या पैलवानांना लोळवलं. त्याची ताकद या किश्श्यात दिसतेच, पण ऐकून घेणारा एक मोठा माणूस असला तर काय होऊ शकतं, तेही दिसतं.

१९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकची संधी आली. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पण खरी अडचण वेगळीच होती. खाशाबा आयुष्यभर मातीत लढलेला. ऑलिम्पिकमध्ये होती मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर सटकतो. आपल्याकडे समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपली, नाहीतर चालू. मॅटवर घड्याळ चालू असतं, पंच बघत असतात आणि कुणी चीतपट झालं नाही तरी निकाल लागतो. म्हणजे तोच खेळ, पण भाषा दुसरी.

ही दुसरी भाषा त्याला शिकवली रीस गार्डनर या अमेरिकन कोचने. ते स्वतः लाइटवेट गटातले माजी विश्वविजेते. विचार करा, कऱ्हाडजवळच्या खेड्यातला बावीस वर्षांचा पोरगा आणि अमेरिकेचा पैलवान. बोलीचा काही संबंध नाही. पण पकड कशी धरायची, वजन कुठे टाकायचं, हे हातांनी सांगता येतं आणि हातांनी समजतंही. थोड्याशा काळात एवढं आत्मसात करून खाशाबा फ्लायवेट गटात सहावा आला. मॅटची फारशी सवय नसलेल्या माणसासाठी हे भारीच होतं. त्याला मात्र ते पुरेसं वाटलं नाही. पुढची चार वर्षं त्याने वजनगट वाढवून जीव तोडून सराव केला.

घर गहाण टाकणारे सर

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड करताना खाशाबाला डावललं गेलं. इथेही तो गप्प बसला नाही. त्याने पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबाने ती जिंकली. तिकीट मिळालं, पण पैसे नव्हते.

आजच्यासारखे स्पॉन्सर नव्हते, क्राउड फंडिंगचं ॲप नव्हतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. दारोदार फिरून जमेल तेवढं गोळा झालं. तरी आकडा जुळेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर बँकेत गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. पोरगा हरून आला असता, तर घराचं काय झालं असतं, हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच. तरी पैसे दिले. विद्यार्थ्यावर विश्वास आहे असं तोंडाने म्हणणं सोपं असतं, यांनी तो बँकेच्या कागदावर सही करून दाखवला.

तीस मिनिटांचा प्रश्न

हेलसिंकीत खाशाबाने कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग समोर आले दोन तगडे गडी, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव. या गटातलं सुवर्ण पुढे इशीने घेतलं आणि रौप्य मामेदबेयोवने.

त्या दिवसाची हकीगत आजही हळहळत सांगितली जाते. दोन कुस्त्यांच्या मध्ये पैलवानाला निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. खाशाबा दमछाक करणारी एक मोठी कुस्ती खेळून नुकताच उतरला होता आणि त्याला लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं गेलं. नियमावर बोट ठेवून आक्षेप घ्यायला हवा होता. पण तो घेणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी मॅटपाशी नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, घामाने निथळणारा पैलवान स्वतः काय भांडणार? तो पुन्हा मॅटवर गेला आणि हरला.

तरीही कांस्य आलं. पण विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हा प्रश्न उरलाच. वडील, गुरुजी, प्राचार्य, गार्डनर, गावकरी, महाराज, इतक्या लोकांनी हात देऊन त्याला तिथपर्यंत पोहोचवलं होतं. फक्त त्या अर्ध्या तासासाठी एक माणूस कमी पडला.

आजची कुस्ती बघा. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये ३० सेकंदांचा ब्रेक. त्या तीस सेकंदांत कोच पाणी देतो, घाम पुसतो आणि जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगतो. निर्णय चुकीचा वाटला, तर तो मॅटवर स्पंजचा तुकडा फेकतो आणि पंचांना व्हिडिओ बघायला लावतो. म्हणजे खेळाडूच्या वतीने बोलायचा कोचचा हक्क आता नियमातच लिहिलेला आहे.

मिरवणूक, वर्दी आणि शांतता

खाशाबा परतला तेव्हा कऱ्हाडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, गुलाल, सगळं झालं. त्यानंतर त्याने काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, पैसे उभे केले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. हारतुरे उतरल्यावर कर्ज आठवणारा हा चॅम्पियन मला पदकाइतकाच मोठा वाटतो.

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, खेळाचे प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. ज्याला इतक्या जणांनी शिकवलं, तो आता शिकवणाऱ्याच्या जागी उभा होता. पण बढती फार उशिरा आली. असिस्टंट कमिशनर होईपर्यंत निवृत्ती आलीच. पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात ते गेले.

अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं २०१० मध्ये. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. हे सगळं त्यांना बघायला मिळालं नाही.

त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, १९९६ मध्ये लिएंडर पेसचं. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक आलं तब्बल ७२ वर्षांनी. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. त्याच्यामागे क्रीडा प्रबोधिनीची तयारी होती, दीपाली देशपांडेंसारख्या कोच होत्या.

अंकुशनगरच्या ग्राउंडवर

आता वळूया आपल्याकडे. जालन्याला कुस्ती नवी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा फड जालन्यातच रंगला होता आणि गदा बाला रफिक शेखने उचलली होती. आपल्या जत्रांमध्ये अजूनही नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते. अंकुशनगरसारख्या कारखान्याच्या गावात गाळप सुरू झालं की रस्ते उसाच्या ट्रॅक्टरनी भरून जातात आणि त्यातूनच वाट काढत पोरं-पोरी ग्राउंडवर पोहोचतात. त्यांची ऑलिम्पिकची पहिली पायरी म्हणजे शालेय स्पर्धा. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी वाट हीच आहे.

या वाटेवर सोबत कोण जातं, हा प्रश्न खाशाबांचं आयुष्य आपल्याला विचारतं. अंबडला तालुक्याची मॅच असेल, तर टीमबरोबर नियम माहीत असलेलं कुणी आहे का? सर नसतील तर कॉलेजला गेलेला जुना खेळाडू? मोठी ताई? वजन कधी होतं, वयाचा दाखला कुठला लागतो, आक्षेप कुणाकडे आणि किती वेळात नोंदवायचा, एवढं माहीत असलेला एक जण पुरतो. त्याला डाव यायलाच हवेत असं नाही.

आणि तुम्ही स्वतः खेळत असाल, तर सरांशी बोला. सिलेक्शन झालं नाही, तर का झालं नाही हे विचारा. नियमांचं पुस्तक मागून वाचा. प्राचार्यांचं दार वाजवायची हिंमत त्या बुटक्या पोराने दाखवली होती, म्हणून पुढचं सगळं घडलं. या १५ जानेवारीला शाळेत त्यांच्या फोटोला हार घातला जाईलच. तो घालणाऱ्या सरांना बलावडे आणि बेलापुरे गुरुजींची नावं नक्की सांगा.