नत्राचा किमयागार : फ्रिट्झ हाबर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पण फ्रिट्झ हाबरचे आयुष्य मला एखाद्या शोकांतिकेसारखे वाटते, आणि शोकांतिका तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा. आपण तो श्वासाबरोबर घेतो आणि तसाच सोडून देतो. पिकांनाही तो थेट घेता येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. निसर्गात ही पकड सुटते ती मुख्यतः विजेच्या लोळाने किंवा काही जिवाणूंच्या करणीने. हरभरा-तुरीच्या मुळांवरच्या गाठींत असे जिवाणू राहतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे आपले शेतकरी म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे. तिथून नत्र पिकात, पिकातून गुरांत नि माणसांत, शेणामुतातून पुन्हा मातीत. आणि मातीतले दुसरे जिवाणू त्यातला काही भाग हवेला परत करतात. हे रहाट आपल्या गतीने फिरत असते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपला ती गती पुरेना. खतासाठी आणि स्फोटकांसाठी चिलीच्या वाळवंटातला सोरा जहाजे भरभरून येऊ लागला. तो संपला म्हणजे काय, ही धास्ती होतीच.

हाबर १८६८ मध्ये ब्रेस्लाउ येथे एका ज्यू घरात जन्मला. तरुणपणीच तो ख्रिस्ती झाला. जर्मन म्हणवून घेण्याची त्याची ओढ विलक्षण होती. कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक असताना जुलै १९०९ मध्ये त्याने प्रचंड दाब, उष्णता आणि ऑस्मियम धातू यांच्या साहाय्याने नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवला. अमोनिया थेंबथेंब गळू लागला. कार्ल बॉशने त्या थेंबांचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये ओप्पाउ येथे उत्पादन सुरू झाले. आज जगातल्या निम्म्या लोकांचे अन्न या रीतीने केलेल्या खतांवर पिकते, असा अंदाज आहे.

पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. चिलीची वाट बंद झाली आणि तोच अमोनिया दारूगोळ्याकडे वळला. एवढ्यावर हाबर थांबता तर त्याला दोष देणे मला जड गेले असते. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडला गेला, तो त्याच्या देखरेखीखाली. त्याची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टर होती. २ मे रोजी तिने त्याच्याच पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारणांविषयी चरित्रकारांत एकमत नाही. हाबर मात्र लगोलग पूर्व आघाडीवर निघून गेला. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

१९१८ चे नोबेल त्याला मिळाले, तेव्हा निषेधही झाले. पुढे जर्मनीची युद्धखंडणी फेडण्यासाठी त्याने समुद्राच्या पाण्यातून सोने काढू पाहिले. ते साधले नाही. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितले. युद्धसेवेमुळे त्याची स्वतःची नोकरी वाचत होती. त्याने राजीनामा दिला आणि देश सोडला.

२९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे क्लाराचे अवशेष पुढे तेथे आणून त्याच्या शेजारी पुरण्यात आले.