अर्धी कर्जखतं भावाला, अर्धी इंद्रायणीला : दुष्काळातले तुकोबा

तुकोबारायांचं नाव घेतलं की डोळ्यापुढं वीणा, चिपळ्या आन् पंढरीची वाट येते. पण हे घराणं मूळचं सावकारीचं, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही. देहू गावची महाजनकी त्यांच्या घरात होती. शेती होती, बाजारात दुकान होतं, लोकांना पैसे आन् धान्य उसनं देण्याचा व्यवहार होता. जातीनं कुणबी, धंद्यानं वाणी. घरातच विठ्ठलाचं देऊळ, आन् पंढरीची वारी पिढ्यांपासून चालत आलेली.

जन्माचं साल साधारण 1608 मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. सावजीचं लक्ष संसारात नव्हतं, म्हणून मधल्या तुकोबांच्या गळ्यात लहानपणीच कारभार पडला. पहिली बायको रखमाबाई दम्यानं आजारी असायची, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातली जिजाई दुसरी करून आणली. तिलाच लोक आवली म्हणतात. पुढं आईवडील गेले, थोरली भावजय गेली, आन् सावजी तीर्थयात्रेला निघून गेला. वय विशीच्या आत आन् सगळं घर एकट्याच्या डोक्यावर.

त्यात 1630 साल उजाडलं. त्याच साली फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आन् त्याच साली दख्खन आन् गुजरातवर मोठा दुष्काळ कोसळला. पाऊस गेला, धान्य मिळेना, जनावरं दावणीला मेली. वरून लढाया चालूच होत्या. त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. देहूपासून पुणं किती लांब? सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत चालत पोचेल. म्हणजे पोटाला नाही आन् पळून जावं तर ठिकाणही नाही, अशी गत.

तुकोबांचं दुकान बसलं. ज्यांना उधारी दिली होती तेच उपाशी, तर वसुली कुठून यायची? दिवाळं निघालं. गावात जी पत होती ती गेली. रखमाबाई अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतः आपल्या अभंगात सांगितलंय. मागं थोरला मुलगा संतूही गेला. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी माणसानं एवढं बघितलं.

आता आपण शेतकरी माणसं आहोत, हिशोब आपल्याला कळतो. सगळं गेलं तरी एक गोष्ट घरात शिल्लक होती. कर्जखतं. कुणाकडं किती येणं आहे, कुणाचं काय गहाण आहे, त्याचे कागद. दुष्काळ काही कायमचा नसतो. एक-दोन पावसाळे बरे गेले की कागद पुन्हा जिवंत होतो. कुणाची जमीन, कुणाचे बैल, सगळं त्या कागदावर ओढून आणता येतं. मोडलेलं घर परत उभं करायचा तो एकच सरळ रस्ता होता.

तुकोबा मात्र भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. चाकणच्या बाजूला, खेड तालुक्यात हा डोंगर आजही आहे. पंधरा दिवस ते तिथं नामस्मरणात होते असं सांगतात. कान्होबा त्यांना हुडकत तिथं पोचला, आन् दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तिथं तुकोबांनी घरातली सगळी कर्जखतं मागवून घेतली आन् त्याचे दोन सारखे वाटे केले. एक वाटा कान्होबाच्या हातात दिला. उरलेला, आपल्या हिश्श्याचा वाटा, नदीत सोडून दिला.

या वाटणीकडं नीट बघा. कान्होबालाही बायकापोरं होती, त्यालाही घर चालवायचं होतं. त्याच्या हिश्श्यावर तुकोबांनी हात टाकला नाही. आपल्या भक्तीची किंमत भावानं मोजावी, असं त्यांनी केलं नाही. आपल्या हक्काचं तेवढंच सोडलं. आन् ज्यांची नावं त्या बुडालेल्या कागदांवर होती, ती माणसंही त्याच दुष्काळातून निघालेली होती. त्यांच्या घरातही कुणी ना कुणी गेलेलं असणार. उपाशी मेलेली बायको ज्यानं बघितली, त्याला दुसऱ्याच्या चुलीवर जप्ती नेणं जमलं नाही.

त्यानंतर त्यांनी पडायला आलेलं विठ्ठलाचं देऊळ नीट केलं. दिवसा भंडाऱ्याच्या डोंगरावर, रात्री कीर्तनात. मोकळ्या हाताचे ते किती होते, त्याची एक गोष्ट जुने लोक सांगतात. जिजाईनं कर्ज काढून धंद्याला भांडवल दिलं. धंदा बरा झाला, पण परत येताना वाटेत कर्जापायी मार खाणारा माणूस दिसला, आन् तुकोबांनी जवळचा पैसा देऊन त्याला सोडवलं. घरी जिजाई काय बोलली असेल ते सांगायला नको!

तिला कजाग म्हणणं सोपं आहे. पण पोरांच्या तोंडात घास घालायचं काम तिचंच होतं. नवरा डोंगरावर बसला की भाकरी घेऊन डोंगर चढायची तीच. तुकोबांच्या सोडण्याचा भार तिनं उचलला, हे लिहिल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही.

पुढं तुकोबांच्या अभंगांच्या वह्याही त्याच इंद्रायणीत बुडवायची वेळ त्यांच्यावर आणली गेली. तेव्हा मात्र ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले. वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कर्जखतांसाठी ते एक दिवसही काठावर बसले नव्हते.

1650 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. वय जेमतेम चाळीस-बेचाळीस. धाकटा मुलगा नारायण त्यानंतर जन्मला, आन् त्यानंच 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. त्या पालखीमागं आज लाखो माणसं चालतात.

आपल्या भागात भाऊबंदकीत, सोयऱ्यात हातउसने सगळ्यांचेच असतात. साल वाईट गेलं की ज्याचं येणं असतं तोही अडचणीत असतो, सगळ्यांना सोडून देणं जमत नाही, ते कबूल. पण ज्याच्या घरी माणूस गेलंय किंवा पीक गेलंय, त्याच्या दारात पहिल्यांदा जाताना कागद घरी ठेवून जाणं तर जमेल. आधी घरातली माणसं कशी आहेत ते विचारा, हिशोबाचं पुढच्या सुगीला बघू. बीजेला देहूला जाणारानं इंद्रायणीत हात घालताना एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

रामकृष्ण हरी.