सुजलेले गुडघे आणि राखलेलं रान

एप्रिल १९१३. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत आल्डो लिओपोल्ड रानातल्या फिरतीवरून घोड्यावर परतत होते. वय २६, कार्सन राष्ट्रीय वनाचे प्रमुख, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. वाटेत पाऊस, गारा, बर्फ. रात्री ओल्या अंथरुणात झोप. गुडघे इतके सुजले की बूट कापावे लागले. वाटेतल्या डॉक्टरांनी संधिवात ठरवला. सूज वाढत गेली, तेव्हा सहकाऱ्याने आग्रहाने त्यांना सांता फेला पाठवलं. तिथे खरं निदान झालं : मूत्रपिंडाचा तीव्र दाह, म्हणजे नेफ्रायटिस. आणखी थोडा उशीर जिवावर बेतला असता.

या आजारात मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या सुजतात. लघवी कमी होते, पाणी आणि मीठ अंगात साठतं, रक्तदाब चढतो. तेव्हा सगळा दोष वादळाला दिला गेला. पण नुसतं भिजून मूत्रपिंड सुजत नाही. पुष्कळदा आधी होऊन गेलेला घशाचा किंवा त्वचेचा जंतुसंसर्ग त्यामागे असतो. साध्या लघवीच्या तपासणीत माग लागतो. सकाळी चेहरा सुजलेला आणि लघवी तांबूस दिसली, तर मलम चोळत बसू नये.

त्या काळी प्रतिजैविकं नव्हती, डायलिसिस नव्हतं. विश्रांती आणि पथ्य, एवढाच आधार. लिओपोल्ड वाचले, पण कामावर परतायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. तेही कचेरीतल्या टेबलाशी. घोड्यावरची दगदग डॉक्टरांनी बंद केली होती.

टेबलाशी बसलेला हा वनाधिकारी विचार करू लागला, लिहू लागला. त्याचे सगळेच विचार बरोबर होते असं नाही. लांडगे संपवले की हरणं वाढतील, असं तेही मानत. तरुणपणी त्यांनी स्वतः लांडगे मारले होते. पुढे हरणांनी डोंगर ओरबाडलेले पाहिले आणि आपली चूक त्यांनी लिहून कबूल केली. काही रानं रस्त्यांविना तशीच ठेवावीत, हा मात्र त्यांचा ठाम आग्रह. त्यातूनच १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं गिला अरण्य राखलं गेलं, सुमारे साडेसात लाख एकर. अशा राखीव रानांतलं ते पहिलं. १९३३ पासून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटी स्थापन करणाऱ्यांतही ते होते. देशव्यापी कायदा व्हायला मात्र १९६४ उजाडलं.

अखेरच्या वर्षांत चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांनी त्यांना छळलं. १९४७ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचं पुस्तक प्रकाशकाने स्वीकारलं. आठवडाभरातच, २१ एप्रिल १९४८ ला, शेजाऱ्याच्या गवताला आग लागली. ६१ वर्षांचे लिओपोल्ड पाण्याचा पंप घेऊन विझवायला धावले आणि तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ पुढच्या वर्षी छापून आलं.