ढाक्याचा मुलगा, शिकागोचा टॉवर

हवल्लीतून शहराकडे निघालं की अल हमरा टॉवर दिसतो. 400 मीटरहून उंच, कुवेतमधली सर्वांत उंच इमारत. तिचं डिझाइन शिकागोत सुरू झालेल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीचं. उंच इमारती म्हटलं की या कंपनीचं नाव घेतलं जातं, यात ढाक्याहून आलेल्या एका इंजिनीअरचा फार मोठा वाटा आहे. त्याचं नाव फझलूर रहमान खान.

खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 चा. वडील गणिताचे शिक्षक. कलकत्त्याजवळ शिबपूरला इंजिनीअरिंग सुरू केलं, पण 1950 च्या दंगलींमुळे ढाक्याला परतून पदवी पूर्ण करावी लागली. 1952 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी! मग 1955 पासून शिकागोत नोकरी.

पुढची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. 1957 मध्ये ते मायदेशी, म्हणजे तेव्हाच्या पाकिस्तानात परतले. कराचीच्या विकास प्राधिकरणात चांगलं पदही मिळालं. पण फायलींच्या कामात डिझाइन मागे पडू लागलं, आणि 1960 मध्ये ते पुन्हा शिकागोला गेले.

उंच इमारतीला वजनापेक्षा जास्त त्रास वाऱ्याचा. उंची वाढेल तसा वारा इमारतीला वाकवू पाहतो आणि तिला ताठ ठेवायला पोलाद भरमसाट लागतं. खान यांनी विचारच बदलला. खांब आत सगळीकडे पसरण्याऐवजी बाहेरच्या भिंतीत जवळजवळ उभे केले, म्हणजे अख्खी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देते. जॉन हॅनकॉक सेंटरच्या 100 मजल्यांवर बाहेरून दिसणारे ते मोठे तिरके एक्स म्हणजे याच नळीची मजबुती. आर्किटेक्ट होते ब्रूस ग्रॅहम.

मग आला सिअर्स टॉवर. सिअर्स ही दुकानांची अवाढव्य कंपनी, तिला मुख्यालय हवं होतं. ग्रॅहम आणि खान यांनी 75 फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या उसाच्या मोळीसारख्या एकत्र बांधल्या. दोन नळ्या 50 व्या मजल्यावर संपतात, दोन 66 व्या, तीन 90 व्या, आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. इमारतीचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार या रचनेतूनच आलाय. 442 मीटर उंचीचा हा टॉवर 1998 पर्यंत जगात सर्वांत उंच इमारत मानला जात होता. आणि तरी दर चौरस फुटामागे पोलाद एम्पायर स्टेटपेक्षा कितीतरी कमी लागलं.

हा टॉवर उभा राहत असतानाच 1971 मध्ये पूर्व बंगालमध्ये युद्ध पेटलं. खान तेव्हा अमेरिकेचे नागरिक होते, कंपनीत भागीदार होते. गप्प बसले असते तरी कुणी विचारलं नसतं. पण त्यांनी शिकागोतल्या बंगाली लोकांना एकत्र आणलं, मदतनिधीसाठी संस्था काढली आणि बांगलादेशची बाजू अमेरिकेत मांडली. परदेशात राहून मायदेशासाठी काय करता येतं, याचं हे उत्तर मला त्यांच्या इमारतींइतकंच मोठं वाटतं.

शेवटची वर्षं आखातातल्या कामात गेली. जेद्दाह विमानतळाचं हज टर्मिनल त्यांचंच: भिंती नाहीत, वर तंबूंसारखी 210 कापडी छतं, उन्हात सावली आणि वारा खेळता. रत्नागिरी-रायगडहून हजला जाऊन आलेल्या कित्येकांनी त्या छताखाली विसावा घेतला असेल.

त्याच जेद्दाहमध्ये 27 मार्च 1982 रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. दफन शिकागोत झालं. सिअर्स कंपनी पुढे तो टॉवर सोडून गेली, 2009 मध्ये इमारतीचं नावही बदललं. मोळी मात्र घट्ट आहे.