केडगावच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. समाजसुधारकांच्या यादीत ते असते, त्यापुढे शारदासदन हा शब्द असतो, आणि परीक्षेपुरते तेवढे पाठ करून आपण पुढच्या नावाकडे वळतो. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे ही बाई शेकडो, आणि एका काळी दोन हजारांच्या आसपास, निराधार स्त्रियांची आई, शिक्षिका आणि धर्मगुरू होती, हे त्या यादीत मावत नाही. कोणत्याही बिशपने तिच्या मस्तकावर हात ठेवून तिला दीक्षा दिली नव्हती. त्या काळी कोणतीच प्रस्थापित मंडळी हिंदुस्थानातल्या बाईला ती देणार नव्हती. पण मेंढपाळ म्हणजे काय हे पाहायचे असेल, तर मला वाटते, केडगावकडेच पाहावे लागते.

तिचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि हट्टी गृहस्थ. पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत म्हणताना त्यांनी ऐकले आणि आपल्याही बायकोला शिकवायचे असे मनाशी ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नात नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी शिकवले, गावाने गिल्ला केला, उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. शेवटी गावाचा नाद सोडून ते रानात आश्रम करून राहिले. रमाबाईंना संस्कृत आले ते आईच्या तोंडून, पहाटे, झोपेतून उठवून. बाईने बाईला शिकवलेले संस्कृत! त्या काळी ही गोष्ट केवढी अपूर्व होती, याची आज आपल्याला कल्पनाही येणार नाही.

पुढे आश्रमाचे दारिद्र्य आले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगायचे, मिळेल त्यावर जगायचे. इ.स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ते सापडले. आधी वडील गेले, मग काही आठवड्यांतच आई, पुढच्या वर्षी थोरली बहीण. आईचा देह स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, दोन खांद्यांना ते आणि उरलेल्या दोहोंना रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. रमाबाई ठेंगण्या, म्हणून त्यांनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला आणि तसाच तीन मैल नेला. हे वाचून पान उलटायला वेळ लागतो. नंतर बहीणभावंडे हिंदुस्थानभर पायी भटकली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून, फक्त डोकी बाहेर ठेवून त्यांनी रात्र काढली. पुढे केडगावला उपाशी मुली आल्या तेव्हा रमाबाईंना भूक समजावून सांगावी लागली नाही, ती याच मुळे.

इ.स. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. दोन वर्षांत भाऊ वारला. त्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नवरा ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. त्या काळी असे लग्न म्हणजे केवढा बंडखोरपणा! १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी ही विदुषी विधवा झाली. डोक्यावर छप्पर नाही, कडेवर तान्ही पोर.

ती पुण्यास आली. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे ठणकावून सांगितले. त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत गेल्यामुळे तो मनसुबा मोडला.

तिथे वाँटेजच्या मठात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मायलेकींचा बाप्तिस्मा करून घेतला. महाराष्ट्राने त्यांना या एका दिवसासाठी बराच काळ क्षमा केली नाही. पैशाला भुलली, गोऱ्यांच्या जाळ्यात सापडली, असे म्हणणाऱ्यांची वाण नव्हती. मला हे पटत नाही. पोट भरायचेच असते, तर पुराण सांगून ते भरता येत होते. त्यांच्या मनाला जे भिडले ते वेगळेच होते. या मठाच्या भगिनी लंडनजवळ फुलम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. समाजाने ओवाळून टाकलेल्या बाईला पुन्हा माणूस म्हणून उभे करता येते, तिची घाण वाटून न घेता तिला जेवूखाऊ घालता येते, हे त्यांनी तिथे पाहिले. मग विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांच्या वाचनात आली. बौद्धिक शंका दूर व्हायला नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लेखनाचा उपयोग झाला. तेही चित्पावनच, आणि आधी धर्मांतर केलेले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. चित्पावन पंडितेच्या पाठीशी फुले उभे राहतात, याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते?

मंडळीत गेल्यावर रमाबाई मंडळीच्या झाल्या, असेही नाही. आपल्या धर्ममातेशी, मठातल्या भगिनी जेराल्डाइन यांच्याशी, त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला होता आणि त्यात भांडणे भरपूर होती. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नाहीत, असा त्यांचा प्रश्न. त्रैक्याचा सिद्धान्त गुरूने सांगितला म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅम येथे डोरोथिया बील यांच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना रुचेना. ज्या गोष्टीसाठी अनंतशास्त्र्यांना उडुपीला जावे लागले, तीच गोष्ट समुद्रापलीकडे झगा घालून समोर उभी होती! रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या, अंगावर पांढरे लुगडे राहिले. धर्म बदलला म्हणून माणसाने आपली चूल आणि आपले कापड बदलले पाहिजे असे त्यांना वाटले नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहायला त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर तिथे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने देत हिंडल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांचे साहाय्य कबूल झाले. अट एक: शाळेत धर्माची शिकवण द्यायची नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तीच पुढे अण्णासाहेब कर्व्यांची पत्नी आनंदीबाई.

आता त्या वादाविषयी. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये बोभाटा झाला, केसरीने धार धरली, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पंचवीसएक मुली त्यांच्या माणसांनी काढून नेल्या. कोण बरोबर? आमच्या चर्चांतून एक बाजू धरायची आणि दुसरीला झोडपायचे अशी रीत आहे. पण इथे ते इतके सोपे नाही. ज्या आईबापांनी जग काय म्हणेल याची पर्वा न करता मुलगी पाठवली, त्यांचा विश्वास हाही काही मूल्याचा होता. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या, तेव्हा त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले असेल तर त्यांना दोष कसा देणार? दुसरीकडे, स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना कडी लावून घेण्याइतकी आपल्या श्रद्धेची लाज रमाबाईंना वाटावी, अशी अपेक्षा तरी कोणत्या न्यायाने करायची? त्यांनी दार लावले नाही. माझा कल त्यांच्याकडे आहे, पण रानड्यांचे दुःखही मला खोटे वाटत नाही. या कडवट अनुभवानंतर, १८९६ मध्ये, कर्व्यांनी हिंदू चौकटीत राहून विधवांसाठी संस्था काढली, तिचा महाराष्ट्राला किती लाभ झाला ते सर्वांना ठाऊक आहे. एका बाईच्या उघड्या दारातून असे दोन रस्ते निघाले.

पुण्याने पाठ फिरवली आणि रमाबाई केडगावच्या झाल्या. दौंडच्या वाटेवर त्यांनी माळरान विकत घेऊन ठेवले होतेच. १८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. मग सगळा तांडा केडगावच्या माळावर, झोपड्यांत आणि मांडवांत. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत सदनातल्या एका मुलीवर जे गुदरले, त्यावरून त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारवर जाहीर आरोप केला आणि गव्हर्नरचा रोष ओढवून घेतला. रमाबाई गोऱ्यांच्या ओंजळीने पाणी पीत होत्या असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

१९०० मध्ये गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. कोणी हाडांचा सापळा, कोणी रोगट, कोणी बाजारातून सोडवलेली. वाट चुकलेल्या बायांसाठी वेगळे कृपासदन झाले. फुलमला पाहिलेले इथे उभे राहिले. मुक्तीत विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाची घाणी, दुभती जनावरे, छापखाना, सगळे बायकांच्या हातचे. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. आणि या सगळ्यावर रमाबाईंची उपासना: भल्या पहाटे उठून प्रार्थना, नंतर बायबलाचा पाठ, पुन्हा काम. १९०५ मध्ये मुक्तीत जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, रात्र रात्र प्रार्थना आणि रडणे, त्याची ख्याती जगभर गेली. ते मला पुरते कळते असे म्हणवत नाही. मला कळतो तो ज्वारीचा हिशेब. दोन हजार तोंडांना दोन वेळा किती लागते, हे ज्या घरात दहा माणसे जेवतात त्या घरातल्या बाईला विचारावे.

शेवटची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. असलेले मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जाते असे त्यांचे मत. म्हणून पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून, साध्या मराठीत नवे भाषांतर त्यांनी सुरू केले. आईने पहाटे संस्कृत शिकवले, ते संस्कृत बाजूला ठेवून केडगावच्या मुलींची बोली त्यांनी हाती घेतली. खिळे जुळवणाऱ्या मुली त्यांनीच वाढवलेल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. गुलबर्ग्याची शाळा त्यांनीच काढली होती आणि मुक्तीचा भार पुढे त्यांच्यावरच यायचा होता. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा यांच्यामागून आता लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले. त्या प्रुफे तपासत राहिल्या. ती संपत आल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. दुष्काळात उचलून आणलेल्या मुली तोवर पंचविशी-तिशी ओलांडून बाया झाल्या होत्या, कित्येकींना आईचे दुसरे तोंड आठवत नव्हते. त्या माळावर तेव्हा काय झाले असेल, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

इंग्लंडच्या मंडळीने पुढे आपल्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी नेमला. भारताच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांचे तिकीट काढले. मराठीत देवदत्त नारायण टिळकांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते १९६० मध्ये आले. एवढ्या मोठ्या बाईला अडतीस वर्षे थांबावे लागले. केडगावचे मुक्तिसदन अजून चालू आहे. भाषांतर पुरे होऊन मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी छापलेले.