प्राध्यापक जॉन टिंडल

प्राध्यापक जॉन टिंडल यांचें नांव पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु ज्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यावर आज देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र काम करितात, त्या जाळ्याशीं त्यांच्या चरित्राचा दुहेरी संबंध आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजीं आयर्लंडांतील कार्लो परगण्यांत झाला. वडील साधे पोलीस शिपाई असल्यामुळें घरची स्थिति बेताचीच होती. शाळा संपतांच त्यांनीं जमीनमोजणीच्या खात्यांत नोकरी धरिली; पुढें इंग्लंडांत आगगाडीच्या रस्त्यांची मोजणी केली व १८४७ सालीं हँपशायरमधील एका शाळेंत ते शिक्षक झाले. शिल्लक टाकलेल्या पैशावर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं ते जर्मनींतील मारबुर्ग विद्यापीठांत गेले आणि विख्यात रसायनज्ञ बुन्सेन यांचे शिष्य झाले. परदेशानें आपणांस विद्या दिली, ही जाणीव त्यांनीं जन्मभर बाळगिली.

१८५३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ते प्राध्यापक झाले. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं तेथें एक मनोवेधक प्रयोग करून दाखविला. पाण्यानें भरलेल्या भांड्याच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या धारेंत त्यांनीं प्रकाश सोडिला. धार वळली तसा प्रकाशही तिच्याबरोबर वळत गेला! पाण्यांतला किरण धारेच्या कडेवर अतिशय तिरपा पडला म्हणजे बाहेर न निसटतां पूर्णपणें आंत परावर्तित होतो, हें यांतील रहस्य होय. हाच चमत्कार जिनीव्हाचे कोलाडॉन यांनीं १८४१ च्या सुमारास दाखविला होता. म्हणून पहिला मान त्यांचा आहे.

दुसऱ्याचा मान दुसऱ्यास देण्यांत टिंडल स्वतः कधीं कचरले नाहींत. शक्तीच्या अक्षय्यतेचा सिद्धांत मांडणारे जर्मन वैद्य मायर उपेक्षित राहिले होते. १८६२ सालीं टिंडल यांनीं लंडनच्या भर सभेंत त्यांची थोरवी वर्णिली. स्वदेशीय संशोधकाचें श्रेय परक्यास देतो, असा रोष ब्रिटिश पंडितांनीं त्यांच्यावर केला. तरी ते डगमगले नाहींत. १८७१ सालीं रॉयल सोसायटीनें मायर यांस कॉप्ले पदक अर्पण केलें.

१८७२-७३ सालीं टिंडल यांनीं अमेरिकेंत प्रकाशावर व्याख्यानें दिलीं. खर्च वजा जातां उरलेले सुमारें १३,००० डॉलर स्वतः न घेतां, अमेरिकन तरुणांस विज्ञानाचें उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून त्यांनीं देऊन टाकिले. पुढें वाढलेला हा निधि १८८५ सालीं हार्वर्ड, कोलंबिया व पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांस वांटून देण्यांत आला. ४ डिसेंबर १८९३ रोजीं, पत्नीच्या हातून चुकून औषधाची मात्रा अधिक दिली गेल्यानें, त्यांचा दुःखद अंत झाला.

त्या धारेंतील तत्त्वावरच पुढें कांचेचे केसासारखे तंतु झाले. १९६६ सालीं काव व हॉकहॅम यांनीं असे तंतु दूरसंदेशास उपयोगी पडतील असें गणितानें दाखविलें, आणि १९८८ सालीं अटलांटिक महासागराखालून पहिला प्रकाशतंतूंचा दोर सुरू झाला. आज जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंतील सूक्ष्म कणांच्या टकरींची माहिती अशाच तंतूंवरून अनेक देशांत जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही त्या कार्यांत सहभागी आहे. दोन प्रयोगशाळांस गरज पडेल तेव्हां, तेवढ्या वेळेपुरता, स्वतंत्र प्रकाशमार्ग जोडून द्यावा आणि काम होतांच तो इतरांसाठीं मोकळा करावा, अशीही सोय संशोधकांच्या जाळ्यांत करितां येते.

विद्यार्थिमित्रहो, कांचेचा तंतु कारखान्यांत तयार होतो. परंतु मिळालेलें ज्ञान सीमेपलीकडील बंधूस देण्याची इच्छा मनुष्याच्या अंतःकरणांतच उपजावी लागते. टिंडल यांच्या ठायीं ती होती, आणि तिच्यावांचून हें सारें जाळें निर्जीव कांचच राहिलें असतें.